झरझर चकती आणि अण्णांची पाळी

अण्णांची वाटणी आम्ही दोघा भावांनी अगदी समजुतीनं केली. दिवाळीच्या पाडव्यापासून अक्षय तृतीयेपर्यंत अण्णा माझ्याकडं तासगावला आणि अक्षय तृतीयेपासून पुढच्या पाडव्यापर्यंत दादाकडं पुण्याला. आमच्या भावकीत बांधावरून डोकी फुटलेली आहेत, पितळी हंड्यावरून बोलणी बंद झालेली आहेत. आमच्याकडं वाटून घ्यायला वडीलच उरले होते, त्यामुळं कुणाचा आवाजसुद्धा चढला नाही. आंब्याचा हंगाम दादाच्या वाट्याला गेला आणि थंडीतला खोकला माझ्या, एवढाच काय तो फरक.

अण्णा म्हणजे भूपाल मगदूम, एस.टी.चे निवृत्त वाहतूक नियंत्रक. उभी हयात त्यांनी स्टँडवरच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारल्या. पुढं ते काम यंत्राचा आवाज करू लागला आणि त्याच सुमारास अण्णांची स्मृती जायला लागली. दोन्हींचा संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतात. आई गेलेली त्यांना आठवेना, स्वतः जेवलेलं आठवेना. गाड्या मात्र तोंडपाठ. मी आंघोळीला निघालो की ओसरीवरून खणखणीत पुकार यायची, "सुकुमार मगदूम, ओसरी ते न्हाणी, विनाथांबा! प्रवाशांनी आपापल्या सामानाकडे लक्ष द्यावे!"

मीच तो सुकुमार. नाव ठेवलं तेव्हा वजन कमी होतं. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालो. बायको शैला आधीच गेली, मूलबाळ नाही. वडिलांचं करायला माझ्याइतका मोकळा माणूस सांगली जिल्ह्यात नाही, असं दादाचं मत. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ धनपाल, अण्णांचा धनू, पुण्यात एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचा प्रमुख होता. माणसाला नोकरीवरून काढताना त्याच्याच तोंडून आभार वदवून घेण्यात त्याचा हातखंडा.

अण्णांचं करणं अवघड नव्हतं, लांब होतं. आंघोळ, गोळ्या, चादरी, पुन्हा चादरी. दुपार झाली की एकच प्रश्न, "विट्याची गाडी लागली का?" लागली म्हटलं की "मग चला", नाही म्हटलं की "का नाही?" मी घड्याळाकडं बघायचो, तीन वाजलेले असायचे. बऱ्याच वेळानं पुन्हा बघायचो. तीनच वाजलेले असायचे. आणि गंमत अशी, की दुपार सरत नव्हती पण अण्णा भराभर सरत होते. मागच्या पाळीला स्वतः चप्पल घालणारा माणूस या पाळीला चप्पल हातात घेऊन ती कशाची असेल याचा विचार करायचा.

एक तास मात्र आमचा होता. सकाळचा पहिला चहा पोटात गेला, की अण्णांच्या डोळ्यांवरचा पडदा कुणीतरी बाजूला सारावा तसं व्हायचं. "सुकू, बस," म्हणायचे. मग ते माझे वडील असायचे आणि मी त्यांचा धाकटा. त्या तासात त्यांनी एक गोष्ट सुरू केली होती. "तुझी आई मला पहिल्यांदा दिसली ती स्टँडवर. विट्याची गाडी सुटायला आलेली. ही आपली धावत येतेय, एका हातात चपला, दुसऱ्यात डबा. गाडी थांबवायचा मला अधिकार नाही. मग मी माइक घेतला आणि म्हणालो..."

"काय म्हणालात?"

अण्णा गालातल्या गालात हसायचे आणि तेवढ्यात पडदा पडायचा. "आपण कोण? पास आहे का?"

रोज गोष्ट तिथंच अडायची. मिरजेच्या डॉक्टर ऐनापुरे म्हणाल्या होत्या, "ओळख आणखी वर्षभर राहील, फार तर. त्या तासाला जपा." अण्णा माइकवर काय म्हणाले ते ऐकायचं आणि जोवर ते सुकू म्हणतायत तोवर समोर बसायचं, एवढंच मला हवं होतं. निवृत्त माणसाच्या मानानं ही मागणी फार नव्हती.

त्या पाडव्याला दादा अण्णांना सोडायला आला तो एक भेट घेऊन. डबीत कपड्याच्या गुंडीएवढी एक चकती.

"कानामागं लावायची," दादा म्हणाला. "झरझर नाव आहे. वेळ झरझर जातो. तुझ्यासाठीच घेतली रे, मला तुझे हाल बघवत नाहीत."

"तू कधी बघितलेस?"

"कल्पना आहे ना मला!"

चकतीला डॉक्टरांची संमती लागायची, म्हणून आम्ही दोघं मिरजेला गेलो. डॉक्टर ऐनापुरे बाई मोठ्या समजावून सांगणाऱ्या. म्हणाल्या, "चव घ्यायला जीभ आहे, ऐकायला कान आहे. वेळ मोजायला शरीरात वेगळा अवयव नाही. मेंदू आपला अंदाज बांधतो. हृदयाचे ठोके, श्वास, पोटातली कुरकुर अशा आतल्या खुणा मेंदूच्या एका घडीत, म्हणजे आत दुमडलेल्या भागात, गोळा होतात. कंटाळा आला किंवा काळजी लागली, की लक्ष त्या खुणांकडं जातं. जितक्या खुणा मोजल्या, तितका वेळ लांब वाटतो. ही चकती आवाजाच्या, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या बारीक लहरींनी त्या घडीला गुंगवते. मग पुष्कळ खुणा मोजायच्या राहून जातात. तास जातो आणि तुम्हाला पाच-सात मिनिटं गेल्यासारखी वाटतात."

"आणि मग काम कोण करतं?"

"तुम्हीच. शुद्धीवर असता, बोलता, हसता. रोजच्या रस्त्यानं घरी येताना वाटेत किती खड्डे लागले ते आठवतं का?"

"तासगावात आठवतं."

"बरं, चांगल्या रस्त्याचं उदाहरण घ्या," बाई न हसता म्हणाल्या. "जे मोजलं जात नाही ते आठवणीतही पातळच साठतं. म्हणून जो वेळ हवाय, त्या वेळी चकती काढून ठेवायची."

आणखी एक नियम होता. ज्यानं चकती लावली त्याला स्वतःचा वेग बदलता येत नाही. नाहीतर लोक सोमवारी सकाळी लावून थेट पेन्शनला उतरतील. वेग दुसऱ्या कुणीतरी मोबाइलवरून ठरवायचा; त्याला कंपनीनं 'कुटुंबप्रमुख' असं भारदस्त नाव दिलं होतं. आमच्यात थोरला दादा. त्यानं तिथंच मोबाइल काढला, मंद वेग लावला आणि म्हणाला, "मी आहे ना."

सुरुवातीचे दिवस काय सांगू! आंघोळ, चादरी, विट्याची गाडी, सगळं हळदीकुंकवाला भेटलेल्या बायकांसारखं हसत हसत समोरून निघून जायचं. तीन वाजले म्हणता म्हणता दिवे लागायचे. चिडचिड गेली, पाठ दुखायची थांबली. म्हणजे दुखत असणार, पण मोजली जात नव्हती. शेजारच्या कुसुमताई चौगुले भिंतीवरून म्हणायच्या, "भाऊ, किती शांतपणे करता हो तुम्ही अण्णांचं!" सकाळी चहा ठेवला की मी चकती काढून देव्हाऱ्यात ठेवायचो आणि अण्णा म्हणायचे, "सुकू, बस."

पुढं सकाळचा तास जरा आखडल्यासारखा वाटायला लागला. चहा ओतला की कप रिकामाच व्हायचा. मी म्हटलं, आजार पुढं सरकतोय, अण्णांचाच तास कमी होतोय. अधूनमधून दादाला फोन करायचो.

"दादा, माझी पाळी संपत आली का रे?"

"कुठली! आत्ता तर पाडवा झाला. तुला वाटतंय का संपत आलीय असं?"

"नाही वाटत."

"मग!"

मोबाइलवर तारीख दिसत होती, नाही असं नाही. पण तारीख डोळ्यांना दिसते. वेळ गेला हे आतून कळावं लागतं. आत आमचा मोजणाराच झोपलेला. लाडू खाल्ल्याचं आठवत होतं, ते कुठल्या दिवाळीचे हे विचारायचं सुचत नव्हतं.

एके दिवशी कुसुमताईंच्या नातीच्या बारशाची आठवण झाली. नात झाल्याचे पेढे नुकतेच खाल्ले होते. बाजारातून चांगलंसं झबलं आणलं, वर टोपडं, आणि त्यांच्या दारात जाऊन कडी वाजवली. दार एका फ्रॉकवालीनं उघडलं. दोन्ही हातांनी, टाचा उंचावून. तिनं माझ्याकडं बघितलं, पिशवीत हात घातला, झबलं बाहेर काढलं आणि आतून बाहुली आणून तिला ते घातलं. टोपडं बाहुलीला मोठं झालं.

"ही कोण?" मी विचारलं.

"भाऊ, थट्टा करता काय? ही आमची मुक्ता."

"बारसं कधी आहे?"

कुसुमताईंनी मला खुर्चीत बसवलं आणि पाणी आणून दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. बारशाला मी आलो होतो, जेवलो होतो, पाळणाही म्हटला होता म्हणे.

"आम्ही आपसांत म्हणायचो, धाकट्यानंच घेतलं वडिलांना कायमचं," कुसुमताई म्हणाल्या. "तुमचे दादा एकदा आले होते, म्हणाले, आता सुकूला अण्णांशिवाय करमत नाही."

"अण्णा... सकाळी माझ्याशी बोलतात ना अजून?"

ताईंनी माझ्या हातातला पेला काढून घेतला. मग म्हणाल्या, "मागच्या श्रावणापासून ते कुणालाच ओळखत नाहीत, भाऊ. तुम्हाला माहीत नाही? त्याआधी मात्र एके सकाळी किती हसत होता तुम्ही दोघं! मी इकडं दाणे निवडत होते. तुम्ही मला ओरडून म्हणालात, ताई, अण्णा माइकवर काय म्हणाले कळलं अखेर!"

"काय म्हणाले?"

"ते नाही सांगितलंत. हसू आवरत नव्हतं तुम्हाला."

मी घरी आलो. त्या सकाळचं काही सापडतंय का म्हणून डोकं खूप शोधलं. चहाचा रंग सापडला. कपाच्या कानावरचा टवका सापडला. अण्णांचं एक अक्षर सापडलं नाही. गोष्ट त्यांनी पुरी केली होती, समोरच्या माणसानं ती पोटभर ऐकली होती आणि तो माणूस मी नव्हतो.

ओसरीवर अण्णा बसले होते. मी समोर बसलो. "अण्णा, मी सुकू."

"पास आहे का?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टर ऐनापुऱ्यांनी चकती यंत्राला लावली आणि चष्मा वर केला. "ही तर 'अखंड'वर आहे. यात चकती काढली तरी परिणाम दिवसभर टिकतो. फार खचलेल्या माणसांसाठी असतं हे. कुटुंबप्रमुखांनी चालू केलंय, आणि वेगही झरझर केलाय. तुम्हाला सांगितलं नाही त्यांनी?"

"सांगितलं असेल. माझ्या लक्षात राहिलं नसेल," मी म्हणालो. घराण्याची अब्रू आपण राखावी.

"हिची उलट बाजूही आहे," बाई चकती परत देताना म्हणाल्या. "त्या घडीला गुंगवण्याऐवजी जागं करायचं. मग बारीकसारीक खूणसुद्धा मोजली जाते. मिनिट अर्ध्या तासाएवढं होतं. परदेशातून दोन दिवसांकरता आलेल्या मुलाला आईजवळ ते दोन दिवस महिन्यासारखे मिळावेत, म्हणून देतो आम्ही. पण जपून. असा वेळ सोसत नाही सगळ्यांना."

मी दादाला फोन केला. म्हणालो, अण्णांना घेऊन जा. नाही आलास, तर मीच त्यांना घेऊन तुझ्या सोसायटीच्या गेटवर बसेन. मग ते काय पुकारतील ते पुकारतील. दादा एका साध्या गुरुवारी, कुठलाही सण नसताना, वैनींना घेऊन हजर झाला.

"तू चिडणार हे मला माहीत होतं," तो चपला काढता काढता म्हणाला.

"म्हणून सांगितलं नाहीस?"

"तुझा त्रास कमी व्हावा हाच हेतू होता, सुकू. मनापासून सांगतो."

"त्रासाबरोबर अण्णापण कमी केलेस."

"फोनवर तुझी एकदाही तक्रार नव्हती."

"तक्रार करायला मी घरात नव्हतो, दादा."

वैनी मधे पडल्या. "भावजी, आमची पण अडचण होती हो. अकरावा मजला, आणि लिफ्ट सारखी बंद."

"दोन वर्षं?"

"मधेमधे सुरू व्हायची," वैनी प्रामाणिकपणे म्हणाल्या.

दादानं मग तो खास ऑफिसातला आवाज काढला. "हे बघ, झालं ते झालं. तू सुखात राहिलास, अण्णांची आबाळ झाली नाही, आम्हालाही सवड मिळाली. सगळ्यांचंच भलं झालं की नाही?"

मी त्याचे आभार मानता मानता राहिलो, इतका तो आवाज कसलेला होता. त्याच्याकडं बघताना मला वाटलं, यानं पैसे खाल्ले असते, घर बळकावलं असतं, तर मला चारचौघांत सांगता तरी आलं असतं. आता काय सांगू? भावानं माझ्या सकाळी नेल्या?

"माझं एकच म्हणणं आहे," मी म्हणालो. "आता पाळी तुझी. तूही चकती लाव. कशाला उगाच हाल?"

दादाचा चेहरा उजळला. हेच मागायचं कसं, या विवंचनेत तो आला असावा. चकती त्यानं कानामागं लावली, कुटुंबप्रमुखपद माझ्या मोबाइलवर दिलं आणि म्हणाला, "झरझरवर ठेव हं. मला प्रवाससुद्धा सोसत नाही हल्ली."

मी 'उलट' निवडलं. खाली 'अखंड'. मोबाइलनं कारण विचारलं. त्यात 'शेवटची भेट' असा एक पर्याय होता, तो दाबला. अण्णांना गाडीत बसवलं, पट्टा लावला. त्यांनी माझ्याकडं बघून हात वर केला, गाडी सोडताना कंडक्टरला करतात तसा.

संध्याकाळच्या आत दादाचा फोन आला. "सुकू, किती वाजले रे?"

"सव्वाचार."

"मघाशी पण सव्वाचारच होते."

"कुठं पोचलात?"

"टोलनाक्यावर आहे. मला वाटतं, गेलं वर्षभर टोलनाक्यावरच आहे."

"चकती रुळायला जरा वेळ लागतो."

"वेळ लागतोय ते कळतंय!" दादा ओरडला.

दुसऱ्या दिवशी त्याला उमगलं. त्यानं मला फोनवर येतील तेवढ्या शिव्या दिल्या. त्याच्या मानानं तो सबंध दुपारभर बोलत असावा. माझ्याकडं चहा उतू जायच्या आत आटोपलं. मी वेग बदलला नाही. त्याला म्हणालो, "तुझ्या भल्यासाठीच केलं रे." तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की मी रिकाम्या ओसरीवर जाऊन उगाच बसलो.

पण ते बरं वाटणं फार टिकेना. ओसरी खरोखरच रिकामी होती. चकती उतरल्यावर माझा वेळ पुन्हा जागेवर आला होता आणि तीन वाजले की तीनच वाजलेले असायचे. मला आठवायला दोन वर्षांतलं काही नव्हतं, करायला काही नव्हतं आणि विट्याची गाडी लागली का हे विचारणारंही कुणी नव्हतं.

दादाचे फोन थांबले. मला वाटलं, वैनींनी चकती फेकून दिली असेल. मग एके दिवशी त्याचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. ऑफिसातला नव्हता, लहानपणचाही नव्हता.

"सुकू, अण्णा बोलतात."

"पुकारतात."

"तसं नाही. सकाळचा चहा झाल्यावर. ओठ जरासे हलतात, पुटपुटल्यासारखं काहीतरी होतं आणि संपतं. हिला ऐकू येत नाही, डॉक्टरना नाही. एवढंसं असतं ते. चकती काढून फेकणारच होतो, तेवढ्यात हे दिसलं; तिच्यामुळं मला ते लांबच लांब दिसतं. बरेच दिवस लावले मी समजायला. आता स्पष्ट कळतं. सुकू कुठंय, असं विचारतात. रोज."

मी फोन ठेवून दिला.

खरं वाटायला जागा नव्हती. माणसाच्या मर्मावर नेमकं बोट ठेवणं हा त्याचा जन्मभराचा धंदा. अण्णांचा कंटाळा आला असेल, मला परत घे म्हणायला तोंड नसेल, म्हणून ही युक्ती. शंभर टक्के युक्ती. हे मी स्वतःला बजावत होतो आणि पिशवीत कपडे भरत होतो.

अकराव्या मजल्यापर्यंत लिफ्ट चालू होती. दार दादानं उघडलं. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा झालेला. मला वाटलं होतं, बोलेल, भांडेल. त्यानं नुसती माझी पिशवी घेतली. अण्णा खिडकीशी खुर्चीत होते. नखं कापलेली, केसांचा भांग नीट, गुडघ्यावर दुलई. माझ्याकडं असताना होते तसेच, कदाचित जास्त नीट. मी समोर बसलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ओठ किंचित हलले, चिमणीनं दाणा उचलावा एवढेच, आणि मिटले.

"बोलले," दादा मागून म्हणाला. "कळलं?"

"नाही."

त्यानं कानामागची चकती काढली आणि माझ्यापुढं धरली. "ही लाव. उद्या सकाळी ऐक."

मी चकतीकडं बघितलं. लावायची तर प्रमुखपद दुसऱ्याला द्यायला हवं. आणि त्या घरात दुसरा म्हणजे दादाच. वैनींचं नाव मनात येऊन गेलं, पण त्यांना लिफ्टसुद्धा सांभाळता आली नव्हती. दादा काही बोलला नाही. पूर्वी असता तर म्हणाला असता, मी आहे ना.

"झरझर लावलास तर?" मी विचारलं.

"लावीन म्हणतोस?"

"लावली होतीस."

"हो," तो म्हणाला. "लावली होती."

यापुढं त्यानं एक शब्द जरी जोडला असता, तरी मी उठून स्टँडची वाट धरली असती. रात्र तिथंच काढली. सकाळी अण्णांना चहा पाजून झाल्यावर मी चकती कानामागं लावली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. त्यानं एकदा बोट दाबलं, पडदा मला दाखवला, 'उलट' असं होतं, आणि आमच्या दोघांसाठी चहा टाकायला आत गेला.

आणि मग सगळं थबकलं. खिडकीच्या पडद्याची झालर वाऱ्यानं उचलली गेली ती खाली यायलाच तयार नाही. आत दादानं ओट्यावर भांडं ठेवलं, त्याचा नाद वाजत वाजत राहिला. अण्णांची नजर माझ्याकडं वळायला लागली. वळते आहे, वळते आहे. डोळ्याखालची एकेक सुरकुती जागेवरून हलताना दिसली. एवढा वेळ मी माझ्या बापाकडं जन्मात कधी बघितलं नव्हतं. मग ओठ सुटले. दाणा उचलण्याएवढी ती हालचाल आता सबंध वाक्य होऊन, अक्षर अक्षर सुटं होऊन माझ्यापर्यंत आली.

"धनू कुठंय?"

एवढंच.

पहिल्यांदा वाटलं, दादानं पुन्हा फसवलं. सुकू नाहीच, धनूच. राग डोक्यात चढला, आणि चढायला त्याला भरपूर सवड होती. मग वाटलं, फसवलं नसेल. दादासमोर ते सुकूला विचारत असतील आणि माझ्यासमोर धनूला. म्हणजे तासगावच्या ज्या सकाळी चोरीला गेल्या म्हणून मी कळवळत होतो, त्यातल्या किती सकाळी हा माणूस माझ्यासमोर बसून माझ्या भावाला शोधत असेल! आंघोळी मी घातल्या, चादरी मी धुतल्या, आणि चौकशी कुणाची? जो पुण्यात बसून माझा वेग वाढवत होता त्याची. आता मात्र दादावरचा राग अण्णांवर गेला. त्या दोघांवर मिळून मी सावकाश, पोटभर रागावलो. लहानपणापासूनची एकेक गोष्ट काढून रागावलो. झालर अजून अर्ध्यावरच होती. अण्णांच्या पापण्या मिटायला अजून पुष्कळ अवकाश होता. राग संपला तरी वेळ उरलाच.

त्या उरलेल्या वेळात मी काय करणार, अण्णांकडं बघत बसलो. आणि बघता बघता लक्षात आलं, की जो माणूस मला धनू कुठंय म्हणून विचारतो, त्याला मी धनू नाही, हे माहीत आहे.

"दादा आत चहा टाकतोय, अण्णा," मी म्हणालो. "बोलावू?"